बिघडायच्या आदी काय केलंत?

आक्कांच्या ओट्यावर बिघडलेलं मशीन घेऊन कोणीही आलं, तरी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "बिघडायच्या आदी काय केलंत?"

येणाऱ्याचं उत्तरही ठरलेलं असे. "काहीच नाही केलं, आक्का. आपोआप बंद पडलं."

"आपोआप व्हय," असं म्हणून त्या आत जात आणि चहाचं आधण ठेवत. चहा संपेपर्यंत मशीनकडे बघायचंसुद्धा नाही, असा त्यांचा शिरस्ता होता. अर्धा कप होता होता माणूस चुळबुळू लागे. "तसं म्हणजे... काल पोरानं एक गेम टाकला होता." किंवा, "परवा पाहुणे आले तेव्हा त्या बोर्डावर मिक्सर लावला होता बहुतेक." मग आक्का कप खाली ठेवत. "आत्ता घावलं. हे आदी बोलला असता तर च्या वाचला असता माजा."

हाच प्रश्न त्यांनी एकदा मलाही विचारला होता. मी "काहीच नाही" म्हणालो आणि त्यानंतर बराच काळ तेच म्हणत राहिलो. त्यामुळे आक्कांच्या स्वतःच्या गावात, त्यांच्या स्वतःच्या ओट्यावर, "त्यांच्या हातात मशीन देऊ नका, सगळं घालवतात" असं बोललं गेलं. ते खोटं होतं. ते खोडून काढायला मी हे लिहितो आहे. पण आक्का म्हणजे फक्त तो एक प्रसंग नव्हे, म्हणून आधी त्या कशा आहेत ते सांगतो.

मी मूळचा लातूरकडचा. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो आणि पत्नी गेल्यावर मुलाकडे पुण्याजवळ माणला राहायला आलो. मुलगा तिथल्या आयटी पार्कमध्ये नोकरीला. आक्का आमच्या घरमालकीण. त्यांची भातखाचरं पार्कात गेली आणि उरलेल्या तुकड्यावर तीन मजली इमारत उभी राहिली. वरच्या खोल्यांत आम्ही भाडेकरू आणि खाली आक्का. भाडेकरू त्यांना आजी म्हणत, गाव आक्का म्हणे, म्हणून मीही आक्का म्हणू लागलो. त्या मात्र आम्हा सगळ्यांना "पाव्हणं" म्हणत. दहा वर्षं राहिलेला भाडेकरूही पाव्हणाच.

भाडेकरू खोली सोडताना मागे बरंच काही टाकून जातात. गाद्या, झाडू, बंद पडलेले संगणक. आक्का गाद्या वाटून टाकत आणि संगणक ठेवून घेत. तरुणपणी शेतावरचं पाण्याचं इंजिन त्या स्वतः खोलत, तो नाद जुनाच. संगणकाकडेही त्या तशाच बघायच्या. "इंजान चालू न्हाई झालं तर आदी डिझेल हाय का बगायचं, मंग नट खोलायचा. तुमी पाव्हणं आदी नट खोलताय." म्हणून पहिली तपासणी नेहमी प्लगची, मग बोर्डाच्या बटणाची, मग वायर सैल आहे का याची. निम्मे आजारी तिथेच बरे होऊन घरी जात आणि जाताना थोडे ओशाळलेले असत.

त्यांना प्रोग्राम लिहिता येत नसे आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे. वरच्या मजल्यावरच्या पोरांना त्या म्हणत, "तुमचं काम मोठं हाय बाबांनो. माजं घरातलं हाय. तुमी धरण बांधा, मी नळ गळतोय तेवडा बगते." मात्र आपल्याला नळातलं सगळं कळतं, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. कोणी तारीफ केली की, "मंग! गावात दुसरं कोण हाय?" असं म्हणून मोकळ्या होत. नम्रपणा त्यांच्या वाटणीला आलाच नव्हता.

त्यांचा सगळ्यात विचित्र नियम म्हणजे त्या मशीनला हात लावत नसत. पंख्याची धूळ काढणं, आतल्या पट्ट्या खोडरबरानं घासून पुन्हा बसवणं, अशी खोलाखोलीची कामं तेवढी स्वतः करत. बाकी सगळं ज्याचं मशीन त्यानंच करायचं. आक्का दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या राहत. "हात तुमचा, तोंड माजं." चुकीच्या ठिकाणी बाण गेला की मागून, "आँ! आँ!" असा आवाज येई, जणू म्हैस दुसऱ्याच्या शेतात शिरली आहे.

दुसरा नियम चौकटीचा. स्क्रीनवर काहीही चौकट उगवली की आधी हात मांडीवर घ्यायचा आणि मग चौकट पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्यानं वाचायची. मनात वाचलेलं चालत नसे. इंग्रजी येत नसेल तर येणाऱ्याला हाक मारायची. एकदा पौडच्या बाजूचे एक गृहस्थ घाईघाईनं "हो" दाबत सुटले होते. आक्कांनी त्यांना थांबवलं. "काय इचारतंय ते?"

"काही नाही, नेहमीचंच असतं."

"वाचा की मंग. नेमीचं हाय तर."

त्यांनी वाचलं. या फोल्डरमधलं सगळं कायमचं पुसायचं का, असं ते विचारत होतं. गृहस्थांनी हात असा मागे घेतला की चहाचा कप कलंडला. "व्हय म्हनायची लई सवय लागलीया मानसाला," एवढंच आक्का म्हणाल्या आणि फडकं आणायला गेल्या.

पावसाळ्यात मुळशीच्या दमट हवेनं मशीनं सुरूच होईनात, तर त्या संगणकाशेजारी जुना पिवळा दिवा पेटवून ठेवायला सांगत. कोंबडीच्या पिल्लांना ऊब देतात तसा. वाय-फायचं खोकं कुणी लोखंडी कपाटावर ठेवलेलं दिसलं की त्यांना राग येई. फोन भरला म्हणून रडत येणाऱ्या बायकांना त्या आधी फुलांची आणि सुप्रभातची चित्रं पुसायला लावत, मग बघत; बहुधा बघायची गरज उरत नसे.

त्या चुकत नसत असं नाही. एकदा त्यांनी एक घाणेरडा कीबोर्ड भांड्यांबरोबर साबणानं धुतला, गच्चीवर पापडांशेजारी वाळवला आणि तो चक्क चालला. त्या भरात त्यांनी एका विदर्भातल्या मुलाच्या लॅपटॉपच्या कळांवरही ओला बोळा पिळला. लॅपटॉप गेला तो गेला. संध्याकाळी ओटा माणसांनी भरलेला असताना तो मुलगा आला, तेव्हा त्यानं तोंड उघडायच्या आधी आक्काच म्हणाल्या, "बिघडायच्या आदी काय केलं? म्या पानी वतलं. माजी चूक हाय. ह्यो माजा संगणक घिऊन जा, तुजं काम होईस्तोवर वापर." सगळे बघत राहिले. त्या मात्र पुढच्या माणसाकडे वळल्या. मी त्या दिवशी ओट्यावरच बसलो होतो. इतक्या सहज असं म्हणता येतं, याचं मला नवल वाटलं होतं.

आता त्यांची फी. पैसे त्या घेत नसत. फी म्हणजे "बी".

त्याचं असं की, मशीन नीट झालं की घरातलं जे महत्त्वाचं असेल, फोटो, कागद, पोरांच्या शाळेचे दाखले, त्याची दुसरी प्रत डिस्कवर काढायची आणि ती डिस्क दुसऱ्याच्या घरी ठेवायला द्यायची. स्वतःच्या घरी नाही. आक्का सांगत, "आमी भाताचं बी कंदी एका घरात ठिवत न्हवतो. माजं थोडं रिह्याला, भावाच्या कनगीत. त्याचं थोडं हितं. एकाच्यात उंदीर शिरला तर दुसऱ्याच्यात तर ऱ्हातंय." खाचरं गेली तरी त्यांचा तांदूळ अजून माहेरून, रिह्याहून येई. तर डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालायची, पिशवीचं तोंड घट्ट बांधायचं आणि शेजाऱ्याच्या तांदळाच्या डब्यात पुरायची. तांदळात दमटपणा शिरत नाही, आणि डबा रोज उघडला जातो म्हणून विसरही पडत नाही.

अशा रीतीनं त्या गल्लीत प्रत्येकाच्या तांदळात दुसऱ्याचं काहीतरी पुरलेलं असे. आमच्या डब्यात नाशिककडच्या एका मुलाचं होतं आणि आमचं त्याच्या डब्यात. आमच्या डिस्कवर पत्नीचा आवाज होता. ती असताना सूनबाईंनी फोनवर तिच्याकडून येसराच्या मसाल्याचं प्रमाण विचारून घेतलं होतं आणि ते बोलणं साठवून ठेवलं होतं. धणे किती, खोबरं किती, आणि मध्येच माझ्यावर खेकसणं, "अहो, दार लावा, मांजर येतंय!" सूनबाई हसून म्हणत, "आई सध्या शेजाऱ्यांच्या तांदळात आहेत." गल्लीत कोण कुठल्या गावचा, कोण किती दिवस राहणार, कशाचा पत्ता नसे. तरी लोक एकमेकांच्या घरी आपलं असं काही ठेवून निर्धास्त असत. हे आक्कांनी घडवलं होतं. मी ते मोडलं.

त्या दिवशी सकाळी आक्का वर येऊन माझ्या संगणकाचा पंखा साफ करून गेल्या. तो तापून बंद पडत असे. दुपारी घरात मी एकटाच होतो. जुनी नाट्यगीतं फुकट उतरवून घ्यावीत म्हणून इकडेतिकडे दाबत होतो. अचानक लाल चौकट आली आणि आतून एक बाई इंग्रजीत ओरडू लागली. तुमच्या संगणकात विषाणू शिरला आहे, बंद करू नका, या नंबरवर फोन करा. हात मांडीवर घ्यायचा, चौकट मोठ्यानं वाचायची, येत नसेल तर हाक मारायची, हे सगळं मला पाठ होतं. आक्का दोन जिने खाली होत्या. मी नंबर फिरवला.

पलीकडचा माणूस हिंदीत फार आदरानं बोलला. त्यानं सांगितलं ते मी संगणकात उतरवून घेतलं, आणि बाण आपोआप फिरू लागला. मी डॉक्टरसमोर बसावं तसा हात बांधून बसलो. मग त्यानं बँकेचं विचारलं. तेव्हा कुठे मला शंका आली आणि मी नाही म्हणालो. त्याची भाषा एकदम बदलली. मी बोर्डाचं बटण बंद करेपर्यंत त्यानं करायचं ते करून टाकलं होतं. पुन्हा सुरू केलं तर एकही फोटो उघडेना.

मुलाला खरं सांगायला काय हरकत होती? त्याच्या थोडं आधी माझ्याकडून गॅस उघडा राहिला होता. त्या वेळी मुलगा सूनबाईंना हलक्या आवाजात म्हणाला होता, "बाबांना आता एकटं ठेवायचं का, विचार करायला हवा." ते मी ऐकलं होतं. आपण निकामी ठरलो आणि आता आपल्याला गावी पुतण्याकडे पाठवतील, ही भीती माझ्या मनात बसली होती.

संध्याकाळी मुलानं विचारलं, "बाबा, हे काय झालं?"

मी म्हणालो, "सकाळी आक्कांनी उघडलं होतं."

वाक्य खरं होतं. त्यामुळे म्हणताना जीभही अडखळली नाही.

मुलानं आक्कांना वर बोलावलं. त्या आल्या, दाराशी चपला काढल्या, आणि मुलाकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बिघडायच्या आदी काय केलंत, पाव्हणं?"

"काहीच नाही."

चहा नव्हता. त्या तशाच थांबल्या, मी पुढे बोलेन म्हणून. मी खिडकीबाहेर बघितलं. मग त्यांनी स्क्रीनकडे नजर टाकली. डाव्या कोपऱ्यात ते नवीन चिन्ह बसलेलं होतं, ज्यातून तो माणूस आत शिरला होता. आक्कांची नजर तिथे थांबली आणि पुन्हा माझ्यावर आली. मला वाटलं, आता बोलणार.

त्या मुलाला म्हणाल्या, "आदी इंटरनेटची वायर काडा. आन् बँकेचा पासवर्ड बदला. ह्या मशीनवर न्हाई, तुमच्या फोनवरनं. आत्ताच्या आत्ता."

मुलगा आधीच चिडलेला होता. "आक्का, पंखा पुसायचा आणि बँकेचा काय संबंध? तुम्ही सकाळी नक्की काय केलंत ते सांगा ना."

"पंखा पुसला."

"मग फाईली कशा गेल्या?"

"त्ये मला सांगता यायचं न्हाई," आक्का म्हणाल्या. मुलानं त्याचा अर्थ त्यांना माहीत नाही असा घेतला. मला खरा अर्थ कळला होता. थोड्या वेळानं त्या नाशिककडच्या मुलाच्या घरून आमची डिस्क घेऊन आल्या. पिशवीला तांदळाची कणी चिकटलेली होती. डिस्कवर सगळं शाबूत होतं. धणे, खोबरं, मांजर, सगळं. सूनबाईंनी ऐकलं आणि डोळ्याला पदर लावला. माझं काहीच गेलं नव्हतं. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं.

मुलानं पासवर्ड बदलला, पण राग काही गिळला नाही. गल्लीच्या ग्रुपवर त्यानं सभ्य शब्दांत लिहिलं की मशीन खाली दुरुस्तीला देऊ नये, आमचा सगळा डेटा गेला होता, आपापल्या डिस्कही आपल्याकडेच ठेवाव्यात. आयटीतला माणूस सांगतो म्हणजे खरंच असणार. लोक आपापलं बी परत न्यायला आले. कुणी भांडलं नाही. "सहज, घरीच असलेलं बरं," असं म्हणत प्रत्येकानं दुसऱ्याच्या डब्यातून आपली पिशवी काढून नेली. आठवड्यात ओटा रिकामा झाला. आक्का संध्याकाळी तिथेच बसत, तांदूळ निवडत. मी जिन्यावरून येता-जाता त्या "या पाव्हणं" म्हणत, पूर्वीच्याच आवाजात. मला ते सोसत नसे. त्याच पावसाळ्यात त्या नाशिककडच्या मुलाची लॅपटॉपची बॅग बसमध्ये राहिली. डिस्क त्याच बॅगेत होती. वडिलांचे त्याच्याकडे असलेले सगळे फोटो तिच्यात होते.

पुढे मुलानं जवळच फ्लॅट घेतला आणि आम्ही माण सोडलं. नव्या सोसायटीत ज्येष्ठांचं एक मंडळ आहे. त्यांच्यात संगणक वापरणारा मीच, म्हणून मला दर महिन्याला काही सांगायला लावू लागले. मी आक्कांचंच सांगत गेलो. प्लग आधी, चौकट मोठ्यानं, घाबरलात तर हात मांडीवर. लोकांना फार आवडलं. शाल आणि नारळ मिळाला. एका बाईंनी विचारलं, "हे इतकं सोपं करून तुम्हाला कुणी शिकवलं हो?"

"अनुभवानं," मी म्हणालो.

घरी येऊन ती शाल कपाटात ठेवता येईना. दुसऱ्या दिवशी मी माणला गेलो.

आक्का ओट्यावरच होत्या. थकल्या होत्या, पण आवाज तोच. "या पाव्हणं! वाट चुकला का?" असं म्हणून आत गेल्या आणि चहा ठेवला. चहा येण्याआधीच मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून सगळं सांगून टाकलं. नाट्यगीतं, लाल चौकट, तो फोन.

त्यांनी आधणात साखर टाकली. "म्हाईत हाय की मला. कोपऱ्यात बसलं हुतं ना त्ये, खेकडा बसल्यागत."

"मग बोलला का नाहीत?"

"मशीन उगडायचं म्हंजी कुनाचं तरी कपाट उगडायचं. आत दिसलं त्ये भाईर बोलाया लागले तर उद्या कोन उगडू देईल? आन् तुमच्या ल्योकाम्होरं तुमाला खोटं पाडू?" त्यांनी गाळणं शोधलं. "राग आला हुता मला. लई आला हुता. न्हाई म्हनत न्हाई. समदी पिशव्या घिऊन गेली तवा दोन दिस जेवले न्हाई."

मी माफी मागू लागलो. त्यांनी कप माझ्या हातात दिला. "मला सांगून काय उपेग? मला तर तवाच कळलं हुतं. ज्यास्नी ठाव न्हाई त्यास्नी सांगा."

त्याच संध्याकाळी मी मुलाला सांगितलं. त्यानं हातातला फोन बाजूला ठेवला. मग, "गावी पाठवतील म्हणून?" एवढंच त्यानं विचारलं. मी मान हलवली. त्यानं तोंडावरून हात फिरवला. "मी असं बोललो होतो खरा," तो म्हणाला.

रविवारी आम्ही दोघं माणला गेलो. मुलानं आमची डिस्क बरोबर घेतली होती. ओट्यावर उभा राहून त्यानं ती पुढे केली. "आक्का, हे बी. कुणाच्या डब्यात ठेवायचं ते तुम्ही ठरवा."

आक्कांनी हात पुढे केला नाही. हात पाठीमागेच. "ठिवू. आदी सांगा, बिघडायच्या आदी काय केलंत?"

मुलगा खाली बघून म्हणाला, "तुमच्याबद्दल ग्रुपवर लिहिलं."

"मंग तितंच लिवायचं." मुलानं खिशातून फोन काढला, तशा त्या, "आँ! आँ!" करून ओरडल्या. "तुमचा न्हाई. ज्याचं मशीन बिघडलं हुतं त्याचा हात."

मुलानं ग्रुप उघडून फोन माझ्याकडे दिला. गल्लीतली जुनी-नवी सगळी माणसं त्यात होती. मी ओट्याच्या कडेला बसून एका बोटानं लिहू लागलो. आक्का मागे उभ्या होत्या, काही सांगत नव्हत्या. समोरून पाण्याचे हंडे घेऊन दोन बायका चालल्या होत्या, त्याही थांबल्या. लिहून झालं तसं माझं बोट पाठवायच्या खुणेकडे गेलं.

"हात मांडीवर," मागून आवाज आला. "आदी वाचा."

मी मनात वाचू लागलो.

"मोठ्यानं, पाव्हणं."

मी वाचायला लागलो. त्या दिवशी दुपारी मी एकटाच घरी होतो, इथपर्यंत आवाज बरा होता. पुढच्या वाक्यावर तो अडकला. मुलगा शेजारी येऊन बसला. हंडेवाल्या बायका बघत होत्या. मी फोन खाली ठेवणार, तेवढ्यात आक्का अगदी जवळ वाकल्या आणि हळू म्हणाल्या, "थांबू नगा. चौकट पुरी वाचायची असती."